सत्काराला पाठ फिरवणाऱ्या गाडगेबाबांच्या नावानंच पुरस्कार का सुरू झाला?

२००० सालच्या शेवटी महाराष्ट्रातल्या गावागावांत एक वेगळीच धावपळ सुरू झाली. एरवी कुणी ढुंकूनही बघत नसे अशा गटारी उपसल्या जाऊ लागल्या. उकिरडे गावाबाहेर गेले, विहिरींभोवतीचा चिखल निघाला, भिंतींना चुना लागला. शाळेतली पोरं आणि बचत गटातल्या बाया खराटे घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि सरपंचांनाही घरात बसून राहणं अवघड झालं. निमित्त होतं संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाचं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं सुरू झालेली ही स्पर्धा होती. जे गाव सगळ्यात स्वच्छ, त्याला बक्षीस.

गंमत अशी की, ज्या माणसाचं नाव या बक्षिसाला दिलं, त्यानं आयुष्यभर हार, सत्कार आणि पाया पडणारी माणसं यांच्यापासून पळ काढला. कुणी वाकून नमस्कार करायला आलं तर हातातली काठी उगारणारा हा माणूस. गावानं कौतुकाची तयारी केली, की तोवर तो पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असायचा.

मग त्याच्या नावानं पुरस्कार देणं योग्य की अयोग्य? त्यासाठी आधी डेबूची गोष्ट माहीत हवी.

दापुऱ्याचा डेबू

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात, एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली.

मामाच्या घरी डेबू गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलंच नाही. पण शेतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं सगळे चरित्रकार सांगतात. पहाटे उठून गोठा झाडायचा, बैलं न्हाऊ घालायची, दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री भजनाला बसायचं, असा त्याचा दिवस.

हे घरही फार दिवस सुखात राहिलं नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. अंगठा उठवताना कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, म्हणून राबणाऱ्याच्या हातून शेत जातं, हे डेबूनं जवळून पाहिलं. वडील दारूनं गेले, मामाचं शेत कर्जानं गेलं. पुढची पन्नास वर्षं गाडगेबाबांच्या कीर्तनात दारू, कर्ज आणि पोरांचं शिक्षण हे तीन विषय पुन्हा पुन्हा का यायचे, याचं उत्तर दापुऱ्यात आहे.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचं जेवण द्यायचं होतं. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद रुसले, पण डेबूजी बधले नाहीत. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी जातपंचायतीच्या नाराजीची किंमत काय असायची, हे लक्षात घेतलं की त्यातलं धाडस कळतं.

पूर्णेचा चिखल

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात ऋणमोचन नावाचं गाव आहे, पूर्णा नदीच्या काठावर. पौष महिन्यातल्या रविवारी इथे यात्रा भरते. वऱ्हाडातून माणसं येतात, नदीत स्नान करतात आणि मुद्गलेश्वराचं दर्शन घेतात.

पूर्णेचं खोरं म्हणजे खोल काळ्या मातीचा, खारपाणपट्ट्याचा भाग. ही माती ओली झाली की पायाला अशी चिकटते की चप्पल तिथेच राहते. तेव्हा नदीला घाट नव्हता. हजारो माणसं पाण्यात उतरायची, ओल्या अंगानं वर चढायची, आणि काठाचा नुसता राडा व्हायचा. म्हातारी माणसं घसरून पडायची. कडेवर लेकरू असलेल्या बाईचे हाल तर विचारूच नका. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्रास सगळ्यांनाच व्हायचा, पण स्नान उरकून आपापल्या गावी गेलं की पुढच्या पौषापर्यंत कुणालाच त्याची आठवण नसायची.

यात्रेला येणाऱ्या डेबूजींना मात्र तो चिखल सुटेना. ते काठावर उभं राहून लोकांना हात देऊ लागले, फावड्यानं पायऱ्या खणू लागले, चिखल बाजूला करू लागले. ना कुणी सांगितलेलं, ना कुणी नेमलेलं. पुढे, १९०८ च्या सुमारास, लोकवर्गणीतून आणि लोकांच्याच हातांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट उभा राहिला. गाडगेबाबांच्या नावावर पुढे ज्या वास्तू जमा झाल्या, त्यांच्या यादीत सुरुवातीलाच हा नदीकाठचा घाट येतो.

त्याआधीच त्यांनी घर सोडलं होतं. १ फेब्रुवारी १९०५ ची पहाट. वय २८. घरात बायको, लेकरं, म्हातारी आई. या निर्णयाची बाजू घ्यायची म्हटली तर घेता येईल, पण कुंताबाईंनी आणि सखूबाईंनी पुढे जे सोसलं ते चरित्रांमध्ये फार थोडक्यात आटपलेलं असतं, हेही खरं.

खापर, खराटा आणि चिंध्या

पुढची बारा वर्षं हा माणूस नुसता चालत होता. अंगावर ठिगळांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात फुटक्या मडक्याचं खापर. त्याच खापरात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर ठेवायचं. लोकांनी जे दिसलं त्यावरून नावं ठेवली. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा, कुठे लोटके महाराज. खापराच्या गाडग्यावरून पडलेलं गाडगेबाबा हे नाव टिकलं.

भाकरी ते फुकट घेत नसत. आधी लाकडं फोडून द्यायची, अंगण झाडायचं, गोठा साफ करायचा आणि मग हात पुढे करायचा.

त्यांची गावात शिरण्याची पद्धत साधी होती. आल्या आल्या वेशीपासून झाडायला सुरुवात. ओळखदेख नाही, प्रस्तावना नाही. रस्ता, मग गटार, मग पाणवठ्याचा भाग. पहिल्यांदा पोरं हसायची, कुणी वेडा समजून खडे मारायचं. दुपारपर्यंत कुणीतरी ओशाळून घरातला खराटा आणायचं. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस जण कामाला लागलेले असायचे. रात्री कीर्तन, तेही बहुतेक दिवसभर झाडलेल्या त्याच जागेवर.

म्हणजे कीर्तन ऐकायला येणारा माणूस सकाळी घाण असलेल्या जागेवर रात्री बसलेला असायचा. बाबांना स्वच्छतेवर वेगळं प्रवचन द्यायची गरजच उरायची नाही.

कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे, मध्येच गोपाला-गोपालाचा गजर सुरू करायचे. भाषा वऱ्हाडी, सरळ, कधी बोचरी. देवाला बकरं कापू नका, सण करायला कर्ज काढू नका, दारू सोडा, घरातली भांडी विकावी लागली तरी पोरांना शिकवा, माणसाला शिवल्यानं विटाळ होत नाही. ज्यानं कधी पाटी हातात धरली नाही, तो माणूस हजारोंच्या गर्दीला शाळेचं महत्त्व पटवून द्यायचा.

खराटा हातात घेण्यात एवढं काय होतं?

आज पुढारी झाडू हातात घेऊन फोटो काढतात, त्यामुळे हा प्रश्न पडू शकतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात चावडी आणि रस्ता कुणी झाडायचा, मेलेलं जनावर कुणी ओढायचं, हे जन्मानं ठरलेलं होतं. ती कामं ठरावीक जातींच्या माथी मारलेली होती, आणि ती करतात म्हणून त्यांना गावाबाहेर ठेवलं होतं. झाडणाऱ्याला हलकं समजायचं आणि घाण करणाऱ्याला प्रतिष्ठित, असा उलटा न्याय.

अशा गावात एक माणूस येतो, कुणी न सांगता खराटा धरतो आणि रात्री त्याच्याच कीर्तनाला पाटील, कुलकर्णी, सावकार सगळे येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी पाटलाचा मुलगाही गटारीत उतरतो. हा धक्का नुसत्या स्वच्छतेचा नव्हता. बाबांनी ते काम जातीपासून सोडवून गावाच्या गळ्यात घातलं. त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यात मोठा, आणि शाळेच्या धड्यांमध्ये मात्र सगळ्यात कमी येणारा.

वाळवंटातली माणसं

पंढरपूरला आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी चंद्रभागेकाठी जमतात. गाडगेबाबाही वारीला यायचे. विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत मात्र ते उभे राहत नसत. ते असायचे बाहेर, नदीच्या वाळवंटात, यात्रेकरूंनी केलेली घाण साफ करत.

त्या काळच्या यात्रा म्हणजे पटकीचं भय. माणसं नदीकाठी झोपायची, तिथेच शौचाला जायची आणि तेच पाणी प्यायची. शिवाय अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना गावात थारा नव्हता. शेकडो मैल चालत आलेला माणूस देवाच्या दारात पोहोचायचा आणि उघड्या वाळूत पावसात भिजत रात्र काढायचा. मंदिराचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला तो थेट १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

त्याच्या पुष्कळ आधी, १९२० च्या सुमारास, गाडगेबाबांनी पंढरपुरात लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी पक्की इमारत. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. सगळी ठिकाणं पाहिलीत तर बहुतेक नदीकाठची तीर्थक्षेत्रं आहेत: गोदावरी, इंद्रायणी, चंद्रभागा. हा योगायोग नाही. राहायला छप्पर आणि स्वयंपाकाला जागा मिळाली, तर माणूस नदीकाठ घाण करणार नाही, हा साधा हिशोब त्यामागे होता. नुसतं झाडून भागत नाही, घाण का होते तेही बघावं लागतं, हे बाबा पूर्णेच्या काठावरच शिकले होते.

पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या खेड्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा झाली. गोष्ट तीच, फक्त नदीकाठाऐवजी शहरातला फूटपाथ.

चोखामेळा धर्मशाळा त्यांनी नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. दोघांना एकमेकांबद्दल अपार आदर. एक जण जगभरच्या विद्यापीठांत शिकलेला, दुसऱ्याला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही असाच स्नेह. १९५४ मध्ये भाऊरावांनी कराडला कॉलेज काढलं आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. निरक्षर माणसाच्या नावानं कॉलेज, तेही त्याच्या हयातीत.

कुणाचंच काही नाही

लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाबांच्या खापरात भाकरीच राहिली. संस्थांचे विश्वस्त नेमले गेले, आणि घरच्यांना त्यात कसलाही हक्क ठेवला नाही. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही आणि स्वतःला कुणाचा गुरूही म्हणवलं नाही. मठ नाही, गादी नाही, वारस नाही.

१९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कुत्रं चावल्याचं निमित्त झालं होतं. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट महाराष्ट्रात फार कौतुकानं सांगितली जाते. एका बापाचं आणि घरी एकट्या पडलेल्या आईचं दुःख त्या कौतुकात झाकून जातं, एवढंच.

ते स्वतः लिहीत नव्हते, त्यामुळे आपल्याला जे कळतं ते दुसऱ्यांनी लिहून ठेवलं म्हणून. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्यासोबत हिंडले आणि नंतर त्यांच्यावर लिहिलं. १९७७ साली राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला. त्यात डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले बाबा अनेकांच्या डोळ्यांपुढे आजही असतात.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे, तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

मग पुरस्काराचं काय?

पुन्हा २००० सालाकडे येऊ. गाडगेबाबांच्या नावाच्या अभियानात एक गोष्ट बाबांच्या पद्धतीशी जुळणारी होती. कामासाठी आधी सरकारी पैसा मिळत नव्हता. गावानं वर्गणी काढायची, श्रमदान करायचं, गटारी बांधायच्या, शोषखड्डे खणायचे, सांडपाणी नदी-ओढ्यात जाण्यापासून अडवायचं. मग समिती येऊन बघणार. पंचायत समिती, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा वर जायची. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बक्षीस सरपंचाला नव्हतं, ग्रामपंचायतीला होतं. ते पैसे पुन्हा गावाच्याच कामाला लावायचे. एका माणसाच्या गळ्यात हार नाही, सगळ्या गावाचं नाव.

हे चाललं. गावं खरोखर बदलली, एकमेकांशी चुरस लागली. पुढे केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार आणला, तेव्हा महाराष्ट्राच्या या प्रयोगाचा दाखला दिला गेला.

पण स्पर्धा म्हटली की तिच्या खोडीही आल्या. समिती यायच्या आधी आठवडाभर गाव चकाचक, आणि बक्षीस लागो न लागो, नंतर उकिरडा पुन्हा जुन्या जागी, अशी तक्रार ठिकठिकाणी झाली. बाबांच्या पद्धतीत ही सोय नव्हती. ते कधी येणार हेच कुणाला माहीत नसायचं.

आणखी एक गोष्ट अशा पुरस्कारांच्या यादीत शोधूनही सापडत नाही. ज्या गावाला बक्षीस मिळालं, तिथली गटार वर्षभर उपसणारा, तुटपुंज्या पगारावरचा सफाई कामगार समारंभाच्या फोटोत कुठे उभा असतो? पुष्कळदा तो फोटोत नसतोच. दोन ऑक्टोबरला तासभर झाडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि रोज झाडणाऱ्याला थकलेला पगार, ही परिस्थिती अनेक ठिकाणी आहे. स्वयंसेवकाचं कौतुक व्हायलाच हवं. पण गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो हा भेद मोडायला.

ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा अजूनही भरते. माणसं पूर्णेच्या घाटावरून पाण्यात उतरतात, स्नान करतात आणि दर्शनाला जातात. यात्रा पांगली की मागे काय काय उरतं, ते कुठल्याही यात्रेच्या गावी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघता येतं.